घाम, गारठा आणि सोबतचा माणूस

या खेपेची बहुतेक पत्रं उन्हाची आहेत. थंडीची दोन मात्र जानेवारीपासून माझ्या टेबलावर पडून होती. उशिराबद्दल माफी मागून सगळ्यांना एकत्रच उत्तरं देतो.

प्रश्न : मी चंद्रपूरकडे रस्त्याच्या कामावर मुकादम आहे. मे महिन्यात एक मजूर भरदुपारी असंबद्ध बोलायला लागला आणि कोसळला. आम्ही सावलीत नेऊन त्याला पाणी पाजलं. तो वाचला, पण आमचं काही चुकलं का?

सावलीत नेलंत ते बरोबर. पाणी पाजलंत ते नशिबानं निभावलं. शुद्ध नीट नसलेल्याच्या तोंडात ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं.

पोटऱ्यांत गोळे, मळमळ, थकवा एवढंच असेल आणि माणूस विचारलेल्याचं धड उत्तर देत असेल, तर सावली आणि मीठ-साखरेचं पाणी बहुधा पुरतं. (एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.) पण बोलणं भरकटलं, चाल लटपटली, की तो उष्माघातच समजायचा. ‘अजून घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ असं मानू नका. कष्टाचं काम करताना उष्माघात झालेला माणूस घामानं निथळतही असतो.

१०८ला फोन करा, पण गाडीची वाट बघत बसू नका. अंगावरचे कपडे काढा, कामावरच्या टँकरचं पाणी अंगावर ओतत राहा, पुठ्ठ्यानं वारा घाला. बर्फ मिळाला तर काखेत, मानेला, जांघेत ठेवा. तापाची गोळी नको, हा त्या जातीचा ताप नव्हे.

मुकादम म्हणून दोन गोष्टी तुमच्या हातात आहेत. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तेव्हा नव्या किंवा सुटीवरून परतलेल्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण काम देऊ नका. आणि माणसं जोडीनं कामाला लावा. उष्माघात होणाऱ्याचं भान आधी जातं, त्यामुळे ‘मला बरं वाटत नाही’ असं तो स्वतः सांगेलच असं नाही.

प्रश्न : रत्नागिरीत पारा जेमतेम ३६ असतो, तरी जीव नकोसा होतो. विदर्भात ४५ला लोक हिंडतात. आम्हीच नाजूक का?

नाही हो. घाम आल्यानं गारवा मिळत नाही, तो वाळल्यानं मिळतो. दमट हवेत तो नुसता गळतो. म्हणून तर उष्णतेच्या लाटेचा विचार हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांपासून आणि किनाऱ्यावर ३७ पासूनच करतं.

प्रश्न : खिशात कांदा ठेवल्यानं ऊन लागत नाही, हे खरं का?

नाही. कांदा भाकरीबरोबर खा आणि डोक्याला दुपट्टा बांधा.

प्रश्न : डिसेंबरात उत्तराखंडातल्या केदारकंठाला, बर्फातल्या ट्रेकला जातोय. जीन्स चालेल का?

पायथ्याच्या गावात चालेल. सुती कापड भिजलं की ऊब धरत नाही आणि लवकर वाळतही नाही. लोकरीचे किंवा सिंथेटिक कपडे एकावर एक घाला, आणि घाम फुटण्याआधी एक थर उतरवा. बोटं पांढरी, बधिर पडली तर चोळू नका, बर्फानं तर मुळीच नाही. सोबत्याच्या काखेत धरा. कुडकुडणारा सोबती गरम न होताच कुडकुडायचा थांबला आणि ‘झोपू द्या’ म्हणायला लागला, तर त्याचं ऐकू नका. कोरडे कपडे, स्लीपिंग बॅग आणि ताबडतोब मदत.

प्रश्न : आम्ही निफाडचे. वीज रात्रीची, म्हणून गव्हाला दारं धरायला रात्रीच जावं लागतं. वडील म्हणतात, घोटभर घेतली की थंडी वाजत नाही.

वाजत नाही, हे खरंच आहे. दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या सैलावतात, ऊब जाणवते, पण तीच ऊब अंगातून बाहेर निघून जात असते. विहिरीचं पाणीही असंच फसवं. रात्री ते कोमट लागतं, आणि बांधावर आलात की ओले पाय वाऱ्यानं गारठतात. गमबूट घाला, कोरडे मोजे पिशवीत ठेवा, थर्मासमध्ये गोड चहा न्या.

आणि शेकोटी उघड्यावरच. बंद शेडमध्ये घमेल्यात निखारे ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला जाग येत नाही. वडील एकटे जात असतील, तर दर तासाला घरून एक फोन करा. जिभेला बोबडेपणा वाटला, तर गाडी काढा.