एकट्याने घर बांधणाऱ्या माश्या : वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी पोळं न करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांबद्दल लिहिलं आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडून बरीच पत्रं आली. जगात मधमाश्यांच्या २०,००० हून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक अशाच आहेत. राणी नाही, कामकरी नाहीत. प्रत्येक मादी आपलं घर आपण बांधते आणि पोरांचा शिधा आपणच भरून ठेवते. सातेरी आणि आग्या आपल्या ओळखीच्या झाल्या, पण या बाकीच्या माश्यांना आपल्याकडे धड नावंही नाहीत. म्हणून त्यांच्याबद्दल कुणी आपणहून विचारलं की मला फार बरं वाटतं.

ताई, माझ्या गुलाबाची पानं कडेने कुणीतरी कात्रीने कापल्यासारखी गोल कापलेली दिसतात. अळी शोधून सापडत नाही. कोणतं औषध मारू? (टिळकवाडी, बेळगाव)

औषध अजिबात मारू नका. ही पानकातरी माशी आहे. ती पान खात नाही, घरासाठी नेते. सकाळी नऊ-दहाच्या उन्हात गुलाबापाशी स्वस्थ बसा. पानाच्या कडेवर पाय रोवून ती जबड्याने गोलात कापत जाते. तुकडा सुटायला काही सेकंद पुरतात. शेवटचा धागा तुटायच्या आधीच तिचे पंख सुरू झालेले असतात, नाहीतर तुकड्यासकट खाली पडेल. मग तो तुकडा पोटाखाली पायांत धरून ती निघते. कुठे जाते तेवढं नजरेने धरून ठेवा. भिंतीतलं खिळ्याचं भोक, वेळूची पोकळ काठी, जुना पाइप, असं काहीतरी असतं.

कापलेलं पान नीट पाहिलंत तर दोन मापं दिसतील. लांबट तुकडे खोलीच्या भिंतींसाठी आणि अगदी गोल तुकडे झाकणासाठी. आत पराग आणि मध कालवून केलेला गोळा, त्यावर एक अंडं, वर पानांची झाकणं. त्याला लागून पुढची खोली. पराग ती मांडीवर नाही, पोटाखालच्या केसांत आणते, त्यामुळे फुलावरून उठताना तिचं पोट पिवळंधमक दिसतं. तीच तिची ओळख.

गुलाबाला यात काही होत नाही. चार-दहा पानं गेली तरी झाड फुटतं. प्रदर्शनाला कुंडी ठेवायची असेल तर तेवढी एक मच्छरदाणीच्या कापडाने झाका. बाकीच्या गुलाबांवर तिचा हक्क राहू द्या.

स्विचबोर्डच्या भोकात आणि खिडकीच्या कडीच्या खाचेत माती भरलेली असते. ही मधमाशी की कुंभारीण? (शहापूर)

दोन्ही असू शकतात. चौकटीवर किंवा फोटोमागे बाहेरून बोटभर मातीचा गठ्ठा लिंपलेला असेल तर ती कुंभारीण, म्हणजे मातीचं घर करणारी गांधीलमाशी. तिच्या पिल्लांना मांस लागतं. एका जातीची कुंभारीण कोळी भरून ठेवते, दुसरी अळ्या. मधमाशी सहसा तयार भोकातच शिरते आणि फक्त तोंड बुजवते. आत पिवळा, चिकट परागाचा गोळा असतो. बोर्डात असेल तर धोका पत्करू नका. मेन स्विच बंद करून, इलेक्ट्रिशियनच्या हाताने साफ करा आणि मोकळी भोकं बंद करून घ्या. त्याच दिवशी बाहेर तेवढ्याच जाडीच्या चार नळ्या लावा, म्हणजे तिला जायला जागा राहील. कुंभारणीचं घर मात्र फोडू नका. तुमच्या परड्यातल्या अळ्या तीच उचलते.

मुलाने ऑनलाइन ‘बी हॉटेल’ मागवलं. वर छप्पर, मध्ये वेळूच्या कांड्या, बाजूला पाइनची फळं आणि लाकडाचा भुसा. झाडाला टांगलं, वर्ष झालं, कुणी फिरकलं नाही. आमचं काय चुकलं? (हिंडलगा)

तुमचं नाही चुकलं. ती वस्तू आपल्या डोळ्यांना आवडावी म्हणून बनवलेली असते. पाइनची फळं आणि भुसा काढून टाका, त्यात कुठलीच मधमाशी घर करत नाही, कोळी आणि झुरळं मात्र करतात.

आता कांड्या मोजा. बहुतेक वेळा त्या सात-आठ सेंटिमीटरच्या असतात, आणि अडचण तिथेच आहे. कोणतं अंडं मादीचं आणि कोणतं नराचं हे आई स्वतः ठरवते. फळलेलं अंडं मादी, न फळलेलं नर. मादीची अंडी ती आत खोल घालते आणि नरांची तोंडाशी, कारण नर आधी बाहेर पडतात. नळी आखूड असली की नरच जास्त होतात आणि पुढच्या वर्षी घर बांधायला माद्या कमी पडतात. म्हणून नळी १५ सेंटिमीटरच्या आसपास हवी.

घरीच करा. बारीक वाळका वेळू घ्या आणि पेराच्या पलीकडे कापा, म्हणजे मागचं तोंड आपोआप बंद राहील. आतली पोकळी ४ ते १० मिलिमीटर, सगळ्या मापांची सरमिसळ. कापलेलं तोंड पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा, कुसळ राहिलं तर पंख फाटतात. वीस-पंचवीस नळ्या एकत्र बांधून आडव्या, भिंतीला पक्क्या ठोका. झाडाला टांगलेलं घर वाऱ्यावर हलतं आणि हलत्या घरात ती अंडं घालत नाही.

दिशा महत्त्वाची. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून तिरपा येतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या लोकांना हे सांगायला नकोच. तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला, सकाळचं ऊन येईल असं, आणि वर पडवीचं छप्पर. माझ्या पहिल्या नळ्या मी उघड्या कुंपणावर लावल्या होत्या. श्रावणात चिरून पाहिल्या तर प्रत्येक खोलीत बुरशी. भरलेल्या नऊ नळ्या होत्या. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि एक मोठं हॉटेल करण्यापेक्षा तीन-चार लहान जुड्या वेगवेगळ्या ठिकाणी लावा. एका जागी शंभर घरं झाली की आयतोबा माश्या ती हेरतात. टोकदार शेपटीची एक मधमाशी पानकातरीच्याच घरात चोरून अंडं घालते. वापरून रिकाम्या झालेल्या नळ्या दर वर्षी बदला.

आमच्या जुन्या घराच्या वाशांना काळा भुंगा भोकं पाडतो. खाली रोज भुसा पडतो. घरातले म्हणतात रॉकेल ओता. मला ते करवत नाही. (खानापूर तालुका)

तुम्हाला करवत नाही हे फार चांगलं आहे. ओतू नका. हा भुंगा म्हणजेही एकटी राहणारी मधमाशीच. तिची मादी लाकूड खात नाही, कोरते. बोटभर जाडीचं भोक पाडून ती लाकडाच्या रेषेने आडवी वळते आणि भुशाच्याच चकत्यांनी खोल्या पाडते. भक्कम वाशाला दोन-चार भोकांनी घर पडत नाही. पण वर्षानुवर्षं तीच भोकं वाढवली तर वासा कमकुवत होतो, हेही खरं.

तिला उघडं, उन्हाने वाळलेलं लाकूड हवं असतं. अजून न कोरलेल्या वाशांना रंग किंवा व्हार्निश लावा, ती सहसा टाळेल. त्याआधी तिला पर्याय द्या. शेवग्याचा किंवा पांगाऱ्याचा मेलेला ओंडका, नाहीतर जाड वाळका वेळू, त्याच बाजूला छपराखाली आडवा बांधा. जुन्या भोकातून वर्षभर भुसा पडला नाही, कुणी येजा केली नाही, तर मग लाकडी खुंटी ठोकून बुजवा.

तुमच्या परड्यात शेवगा असेल तर त्याच्या फुलांवर सकाळी पाहा. शेंगा धरवणारा मुख्य कामकरी हाच भुंगा.

नातू पाच वर्षांचा आहे. चावतील का? (चिक्कोडी)

पोळं नाही, राखायला मधाचा साठा नाही, त्यामुळे या अंगावर धावून येत नाहीत. मुठीत दाबली किंवा कपड्यात अडकली तरच मादी डंख मारते. तोंडासमोर घोंघावत उभा राहणारा भुंगा नर असतो, त्याला नांगीच नसते. नातवाला हातभर अंतरावरून बघू द्या. आग्यामोहोळ मात्र वेगळी गोष्ट, तिथे नेऊ नका. आधी कधी मधमाशीच्या डंखाने अंगावर गांधी उठल्या असतील किंवा धाप लागली असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

अर्धा एकर वांगी-टोमॅटो आहे, बांधाला तूर. फळधारणेसाठी मधपेटी ठेवावी म्हणतात. तुमचं मत काय? (निपाणी)

पेटी वाईट नाही, पण या पिकांना तिचा उपयोग कमी. वांगी-टोमॅटोचा पराग मिठाच्या डबीसारख्या भोकांतून बाहेर पडतो. भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला लटकून अंग थरथरवतात, आवाज एकदम चढतो आणि पराग भसकन अंगावर पडतो. पेटीतल्या सातेरीला हे जमत नाही. तुरीचं मिटलेलं फूल उघडायला पानकातरीसारखी जोरकस माशी लागते. म्हणजे तुम्हाला हवी ती माणसं बांधावरच आहेत.

त्यांना हव्यात दोन गोष्टी. पहिली, उघडी जमीन. निळ्या पट्ट्यांची माशी आणि तिच्या कित्येक बहिणी मातीत घर करतात. बांधाचा उन्हाकडचा उतार नांगरू नका, तणनाशकही मारू नका. मुंगीच्या वारुळाहून तिचं बीळ वेगळं कळतं. एकच भोक, भोवती सैल मातीचं कडं, आणि थांबून पाहिलं तर आतून डोकावणारं एक तोंड.

दुसरी, फवारणीची वेळ. फुलोऱ्यात कीटकनाशक टाळा. मारावंच लागलं तर सूर्य मावळल्यावर. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या अंगात भिनणारी औषधं परागात उतरतात, त्यामुळे संध्याकाळी मारूनही माश्या सुटत नाहीत. एका पोळ्यात हजारो कामकरी असतात, दहा मेल्या तरी पोळं चालतं. इथे एक मादी मेली की तिचं घर तिथेच थांबतं.

आमच्याकडे परडं नाही. दुसऱ्या मजल्यावर गॅलरी आणि तुळशीची एक कुंडी. एवढ्यात काही होईल का? (वडगाव)

होईल. तुळशीच्या मंजिऱ्या खुडू नका, फुलू द्या. शेजारी एक कुंडी सब्जाची. कोपऱ्यात दहा नळ्यांची जुडी, आणि कुंडीखालच्या ताटलीत ओली चिकणमाती, तोंडं लिंपायला लागते.

निळ्या पट्ट्यांची माशी तुळशीवर आली की कळेल, ती एका जागी ठरत नाही आणि तिचा सूर बारीक, उंच असतो. एखाद्या संध्याकाळी दिवा लावायला जाल तेव्हा वाळक्या काडीकडे लक्ष द्या. माद्या बिळात निजतात, नरांना घर नसतं. ते एकाखाली एक काडीला जबड्याने चावून धरतात, पाय सोडून देतात आणि तसेच रात्रभर झोपतात. टॉर्च लांबूनच धरा, आणि ती काडी एवढ्यात छाटू नका.