अंतर एकच, वेळ मात्र वेगवेगळा

प्रश्न : लंडन आणि न्यूयॉर्क यांच्यातील हवाई अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर आहे आणि प्रवासी विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडते. या हिशेबाने प्रवास सहा तास दहा मिनिटांत संपायला हवा. वेळापत्रकात मात्र न्यूयॉर्कला जाताना सुमारे आठ तास आणि परतताना सुमारे सात तास दिलेले असतात. असे का? – एक वाचक

उत्तर : आपण धरलेले अंतर बरोबर आहे, परंतु ज्या वेगाने त्याला भागले तो वेग जमिनीच्या संदर्भातला नाही. विमानाचा वेग भोवतालच्या हवेच्या संदर्भात मोजतात आणि ही हवा स्वतःच वाहत असते. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा जेट प्रवाह हिवाळ्यात विशेष जोरदार असतो. वाटभर ताशी १५० किलोमीटरचा वारा धरला, तर पूर्वेकडे येताना जमिनीवरचा वेग १,०५० किलोमीटर होऊन ५ तास १७ मिनिटे पुरतात. उलट दिशेने तोच वेग ७५० वर येतो आणि ७ तास २४ मिनिटे लागतात. म्हणजे एकीकडे ५३ मिनिटे वाचली, तर दुसरीकडे ७४ मिनिटे गेली. प्रतिकूल वाऱ्यात विमानाला अधिक काळ राहावे लागत असल्यामुळे ही भरपाई कधीच पूर्ण होत नाही, आणि हा मुद्दा फार थोड्यांच्या लक्षात येतो. म्हणूनच अटलांटिकवरचे हवाई मार्ग वारा पाहून रोज नव्याने आखले जातात.

याखेरीज वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून ते मुक्कामी उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, चढण, उतरण आणि गर्दीच्या विमानतळावर उतरण्यासाठी थांबणे हे सारे त्यात येते.

अंतराविषयीही थोडे सांगायला हवे. दाखवले जाणारे अंतर पृथ्वीच्या गोलावरील बृहद्‌वृत्ताच्या कंसावर, म्हणजे सर्वांत जवळच्या वाटेने मोजलेले असते. म्हणूनच ही वाट सपाट नकाशावर बहुधा वाकडी दिसते. ६० अंश उत्तर अक्षवृत्तावर, परंतु पृथ्वीच्या बरोबर विरुद्ध बाजूंना असलेल्या दोन ठिकाणांमधले अंतर अक्षवृत्तावरून सुमारे १०,००० किलोमीटर भरते, तर ध्रुवावरून केवळ ६,६७० किलोमीटर. अर्थात, ही जवळची वाट नेहमी खुली असतेच असे नाही. २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपातील विमान कंपन्यांना बंद झाल्यावर हेलसिंकीहून टोकियोला जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा घ्यावा लागला आणि सुमारे साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला, जरी दोन्ही शहरांमधले मोजलेले अंतर तसूभरही बदललेले नव्हते.

त्यामुळे प्रवासाचे नियोजन करताना स्वतः भागाकार करण्याऐवजी त्याच दिशेच्या आणि त्याच ऋतूतील वेळापत्रकातला एकूण कालावधी पाहावा. तिकिटावरील निघण्याच्या व पोहोचण्याच्या वेळांची मात्र थेट वजाबाकी करू नये, कारण त्या दोन्ही आपापल्या शहराच्या स्थानिक वेळा असतात.