क्लच दुसऱ्यांदा जळाला, आता काय?

प्रश्न : नमस्कार ताई. माझ्याकडे १९६ सीसीची मिनी बाईक आहे. चढाच्या कच्च्या वाटेवरून सामान वाहायला ती वापरतो. माझं वजन ९२ किलो, वर पाठीवर पिशवी. पहिला क्लच जळाला तेव्हा तसाच नवा आणून बसवला, तोही सहा आठवड्यांत गेला. परवा चढावर धूर निघाला. इंजिन नुसतं ओरडत होतं आणि गाडी जागची हलेना. पुढचं स्प्रॉकेट १० दात्यांचं, मागचं ५० चं, टायरची उंची १९ इंच. ओळखीतले सगळे म्हणतात, टॉर्क कन्व्हर्टर बसव. तो बसेल का? बसवताना काय बघावं? की माझा हातच वाईट आहे?

उत्तर : हाताला बोल लावू नका. दात्यांचे आणि टायरचे आकडे पाठवलेत हे फार बरं केलंत, कारण क्लच का जळाला ते त्यांतच लिहिलेलं आहे.

तुमचा क्लच सेंट्रिफ्युगल. ड्रमच्या आत दोन-तीन शू, म्हणजे घासून पकड घेणारे वक्र तुकडे, आणि त्यांना आवळून धरणाऱ्या स्प्रिंगा. इंजिन मिनिटाला साधारण २००० फेऱ्यांच्या आसपास गेलं की शू बाहेर फेकले जातात आणि ड्रमला घासू लागतात. घासणं थांबतं कधी? ड्रमचा वेग आणि इंजिनचा वेग एक झाला की. तोवर शू घसरत राहतात, आणि जी ताकद चाकाला मिळायची तिच्यातल्या बऱ्याचशा भागाची उष्णता होते.

आता तुमचे आकडे घेऊ. ५० भागिले १० म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनच्या पाच. १९ इंची टायर एका फेरीत साधारण दीड मीटर जातो. इंजिन २००० वर असेल तर चाक ४००, म्हणजे ताशी जवळपास ३६ किलोमीटर. याचा अर्थ असा की ताशी ३६ च्या खाली तुम्ही जितका वेळ ॲक्सिलरेटर देऊन गाडी ओढता, तितका वेळ क्लच घसरतोय. सपाटीवर ही वेळ चार-पाच सेकंदांची, शू तेवढं सोसतात. तुम्ही मात्र ओझं घेऊन चढावर ताशी १२-१५ ने पाऊण तास चालणार. शू आणि ड्रम कधी एकजीव होतच नाहीत, नुसती झटापट चालते. कोणत्याही कंपनीचा क्लच आणा, हेच होणार.

जुना ड्रम काढलात की आतून बघा. नवा असतो तेव्हा राखाडी असतो. तुमचा बहुतेक पारव्याच्या मानेसारखा झाला असेल, निळा-जांभळा, मधेच सोनेरी. इतका तापला की स्प्रिंगांचाही ताव उतरतो. मग त्या लवकर सैल पडतात, शू आयडलवरच, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता इंजिन नुसतं चालू असतानाच, ड्रमला चिकटू पाहतात आणि गाडी उभी असतानाही घासणं सुरू. म्हणून जळक्या ड्रममध्ये नवे शू घालण्याची काटकसर करू नका.

मागचं स्प्रॉकेट मोठं करून भागेल का, असं तुमच्या मनात येईल. सत्तर दाते घातले तरी २००० फेऱ्यांना ताशी २६ येतात. तुमची चाल त्याच्याही खाली, आणि इंजिन साधारण ३६०० फेऱ्यांपर्यंतच जात असल्याने परतीच्या सपाट रस्त्यावर गाडी ताशी ४७ च्या पुढे जाणार नाही. तुमच्या कामाला टॉर्क कन्व्हर्टरच बरा, असं माझंही मत.

हे नाव जरा फसवं आहे. ऑटोमॅटिक मोटारीतला टॉर्क कन्व्हर्टर तेलावर चालतो, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. इथे दोन पुल्या आणि एक बेल्ट. बिनगिअरच्या स्कूटरमध्ये असतो त्याचाच हा भाऊ. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ साली याच तत्त्वावर अख्खी मोटार काढली होती. ती म्हणे पुढे जेवढी पळायची तेवढीच उलटीही पळायची. असो. इंजिनवरची पुढची पुली आधी उघडी असते, बेल्ट तिच्या मध्याशी खोल बसतो. फेऱ्या वाढल्या की आतली वजनं पुलीच्या दोन बाजू जवळ आणतात, बेल्ट वर चढतो. मागची पुली तेवढीच उघडते. तुमच्या इंजिनला चालणारा जो ३० सिरीजचा संच मिळतो त्यात सुरुवातीचं गुणोत्तर सुमारे २.७ आणि शेवटचं ०.९ असतं. म्हणजे तुमच्या पाचाचे सुरुवातीला साडेतेरा होतात. २००० फेऱ्यांना ताशी साडेतेरा किलोमीटर! तुमची चढावरची चाल तिथेच आहे. बेल्टने पकड घेतली की घसरणं जवळपास संपलं आणि चाकाला ताकदही अडीचपटीहून जास्त. पहिल्यांदा चढावर गेलात की वाटेल, हे इंजिन आपलं नव्हेच.

पण संच विकत घ्यायच्या आधी एक गोष्ट तपासा. इंजिन तापू द्या, मागचं चाक उचलून धरा आणि ॲक्सिलरेटर सोडा. चाक फिरतंय? हात लावू नका, नुसतं बघा. आधीचा क्लच धड असतानाही ते फिरत असे का, हे आठवा. तसं असेल तर आयडल चढलेला आहे. कार्बोरेटरचा आयडल स्क्रू घट्ट पिळलेला असेल किंवा ॲक्सिलरेटरची केबल ताणलेली असेल. हे न सुधारता कन्व्हर्टर बसवलात तर शूच्या जागी बेल्ट जळेल, एवढाच फरक.

क्लच काढताना हातोडी नको. क्रँकशाफ्टच्या टोकावर घाव घातला की तो आतल्या बेअरिंगवर बसतो. स्पार्क प्लग काढा, पिस्टन वर येताना त्या भोकातून मऊ दोरी आत सोडा, तिचं एक टोक बाहेर ठेवा आणि मग बोल्ट सोडवा. पिस्टन दोरीवर येऊन अडतो, शाफ्ट फिरत नाही. फक्त दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, म्हणजे कॉम्प्रेशनच्या वेळेलाच हे करा. जळका क्लच शाफ्टला धरून बसतो. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, मग पुलर, म्हणजे ओढून काढायचं हत्यार, लावा. शाफ्टच्या खाचेतली चावी, म्हणजे क्लच शाफ्टवर फिरू न देणारा लोखंडी तुकडा, जपून ठेवा.

आता मोजा. क्रँकशाफ्टचा व्यास पाऊण इंच, म्हणजे सहा सूत, भरला पाहिजे. लहान इंजिनांना पाच सुती शाफ्ट असतो, त्यांचा संच वेगळा. "जवळपास सारखाच आहे" म्हणून घेऊ नका. मग चेनच्या कडीवरचा आकडा वाचा. ४०, ४१ आणि ४२० या तिन्ही चेनचा पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, अर्धा इंच. ४१ आणि ४२० एकमेकींच्या जागी चालतात, ४० जरा रुंद आहे. ३५ चा पिच मात्र तीन सूत, ती यांतल्या कुठल्याच स्प्रॉकेटवर बसणार नाही. संचाबरोबर बहुतेक वेळा दोन स्प्रॉकेट येतात, ३५ चं आणि ४० गटातलं. तुम्हाला हवं ते लावा, दुसरं डब्यात.

यानंतर जागेचा प्रश्न, आणि खरा घाम इथे निघतो. कन्व्हर्टरची पाटी, म्हणजे मागची पुली जिच्यावर बसते ती जाड पट्टी, इंजिनच्या तोंडावर बोल्टने बसते. तिथले आटे बहुधा पाच सोळांश इंच, इंचाला २४, बारीक. आठ मिलिमीटरचा बोल्ट "जातोय की" म्हणून पिळलात तर ॲल्युमिनियमचे आटे गेलेच. पाटी वेगवेगळ्या कोनांत फिरवता येते. इंजिन काढण्याआधीच पुठ्ठ्याचा तिच्या मापाचा तुकडा कापा आणि तो धरून बघा: मागची पुली फ्रेमला लागते का, फूटरेस्टला लागते का, बसल्यावर पाय कव्हरला घासतो का. काही गाड्यांत इंजिनखाली जाड पट्टी टाकून ते उचलावं लागतं.

चेन आता पाटीच्या आतल्या बाजूने, इंजिनजवळून जाते. म्हणून ती पूर्वीच्या रेषेत येईलच असं नाही. मागच्या स्प्रॉकेटवर सरळ पट्टी टेकवा आणि पुढचं स्प्रॉकेट त्या रेषेत येईपर्यंत वॉशरने सरकवा. चेनची लांबीही बदलते. तिला मधोमध अर्धा इंच लोंबण ठेवा, ताठ नको.

बेल्टबद्दल लिहिते, कारण मी स्वतः तिथे आपटले आहे. या संचाचा बेल्ट दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. एक कड सरळ उभी, दुसरी तिरकी. सरळ कड इंजिनच्या बाजूला. माझ्या पहिल्या खेपेला वाटलं, बेल्ट तो बेल्ट, त्याला कसली बाजू. संध्याकाळ होती, दिवा एका हातात. गाडी निघालीही झोकात. दहा-बारा मिनिटांनी कव्हरमधून खरखर यायला लागली. उघडलं तर आत काळ्या कापसासारखा भुसा भरलेला आणि बेल्टच्या एका कडेचे धागे लोंबतायत. तेव्हापासून बेल्ट हातात घेतला की आधी दोन्ही कडांवरून अंगठा फिरवून बघते. डोळे फसतात, अंगठा नाही.

पुल्यांची तोंडं ब्रेक क्लीनरने पुसा. त्यांना कारखान्यातलं तेल असतं. मग तिथे तेल किंवा ग्रीसचा थेंबही नको, वरून तेलकट बोट लागलं तरी परत पुसा. चावी बसवली का, पुढच्या पुलीमागचा स्पेसर बसवला का, पुली पाटीला घासत नाही ना, हे इंजिन चालू न करता हाताने फिरवून बघा. कव्हर लावल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. उघडी पुली बोट ओढून घेते.

पहिला अर्धा तास सपाटीवर, कमी-जास्त वेगाने आणि ओझ्याशिवाय चालवा. बेल्टच्या कडा पुलीवर बसायला एवढा वेळ लागतो. मग सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा, चेन बघा. चढ त्यानंतर.

आणि हो, ब्रेक. सपाटीवर ०.९ चं गुणोत्तर मिळालं की गाडी पूर्वीपेक्षा जास्त पळू शकते. तुमच्या गाडीला फक्त मागे ब्रेक असेल तर आधी त्याचे शू उघडून बघा.

प्रश्न : ताई, कन्व्हर्टर बसवून महिना झाला. सिग्नलला थांबलो की गाडी पुढे ढकलते, ब्रेक दाबून धरावा लागतो. परवापासून रबराचा वास येतो. बेल्ट बदलू?

उत्तर : बदलावा लागेलच, पण आज नको. आधी आयडल खाली आणा. थांबलेल्या गाडीत पुढची पुली फिरते आणि बेल्ट स्थिर असतो, त्यामुळे एकाच जागी खड्डा पडतो. बेल्ट काढून बोटांतून सरकवा, कुठेतरी कंबर बारीक झालेली लागेल. आयडल ठीक असूनही गाडी ढकलत असेल तर पुढची पुली पूर्ण उघडत नाही. वजनांजवळ बेल्टचा भुसा अडकतो, कोरड्या फडक्याने आणि ब्रशने झाडून काढा. दोन पुल्यांमधलं अंतर कमी-जास्त झालं असेल तर पाटीचे बोल्ट सैल झालेत. हे सगळं झाल्यावर नवा बेल्ट. नाहीतर तोही महिनाभराचाच सोबती.

प्रश्न : टॉर्क कन्व्हर्टर लावल्यावर गव्हर्नर काढला तर वेग आणखी वाढेल ना?

उत्तर : वाढेल, आणि म्हणूनच काढू नका. या इंजिनांचा गव्हर्नर साधारण ३६०० फेऱ्यांना आवर घालतो. फ्लायव्हील बिडाचं आणि कनेक्टिंग रॉड साधा, दोन्ही त्या हिशेबानेच बनवलेले असतात. बिडाचं फ्लायव्हील फुटलं तर त्याचे तुकडे पत्र्याच्या कव्हरला जुमानत नाहीत, आणि ते तुमच्या पायांपासून हातभर अंतरावर असतं. गव्हर्नर काढायचाच असेल तर आधी बिलेट, म्हणजे ओतीव नव्हे तर अखंड धातूतून कोरलेलं, फ्लायव्हील आणि तसाच रॉड घाला, मग मला पुन्हा लिहा. मी तेव्हाही आधी ब्रेकबद्दलच विचारीन.