पुस्तकामुळे मुलगा माणसांतून उठतो का?

“मॅडम, चांगला होता हो तो. ते पुस्तक वाचल्यापासून त्याला सगळे ढोंगीच दिसतात.” असे सांगणारे आईवडील मी समुपदेशक असल्याने माझ्याकडे वरचेवर येतात. पुस्तके निरनिराळी असतात, तक्रार मात्र एकच असते. वीस-बावीस वर्षांचे मूल एखाद्या तत्त्वचिंतनात्मक कादंबरीत बुडते, मग लग्नकार्याला येईनासे होते आणि कोणी कारण विचारले तर ‘हा सगळा देखावा आहे’ म्हणते. पुस्तके बंद करावीत का, असा त्यांचा प्रश्न असतो. सयाजीराव महाराजांनी १९१० साली ज्या शहरात मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले, त्या बडोद्यात हा प्रश्न ऐकताना मला दरवेळी वाईट वाटते. संबंधितांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून एक अनुभव सांगते.

मांडवीजवळच्या जुन्या वाड्यात चार पिढ्या राहिलेले मराठी कुटुंब होते. दोन वर्षे अंथरुणाला खिळलेली आजी गेली. आता आपल्या मराठी घरांतही गुजराती रीतीने बेसणे, म्हणजे सांत्वनासाठी एकत्र बसणे, ठेवतात, तसे ठेवले असता आत्या हुंदके देऊ लागल्या आणि नातू सर्वांसमोर म्हणाला, “दोन वर्षांत एकदा तरी आलात का? मग आता कोणाला दाखवायला रडताय?” तेव्हापासून घरात अबोला होता.

पहिल्या दिवशी तो माझ्याकडे आला तो फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूची ‘द आउटसायडर’ घेऊनच. १९४२ साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झालेली ही छोटीशी कादंबरी आहे. तिचा नायक मर्सो आईच्या अंत्यसंस्कारात रडत नाही आणि दुसऱ्याच दिवशी मैत्रिणीबरोबर पोहायला व विनोदी चित्रपटाला जातो. पुढे समुद्रकिनाऱ्यावर त्याच्या हातून एका अरब माणसाचा खून होतो आणि खटल्यात त्याचे न रडणेच त्याच्यावर उलटते.

“आईसाठी न रडणाऱ्याला समाज फाशी देतो. मलाही तेच होतंय,” तो म्हणाला.

मी वाद घातला नाही. त्याचे वाचन चुकीचे नव्हते. काम्यूने स्वतः १९५५ मध्ये जवळपास हेच लिहून ठेवले आहे. शिवाय तरुणाच्या हातातले पुस्तक खोटे ठरवायला गेलेला समुपदेशक त्याच्या दृष्टीने आणखी एक आत्या होतो, हे मी अनुभवाने शिकले आहे. पहिल्या तीन-चार भेटींत मी फक्त ऐकले आणि ती कादंबरी पुन्हा वाचून काढली.

नंतरच्या एका भेटीत मी विचारले, “मर्सोने ज्याला मारले, त्याचे नाव काय?”

“नाव...” त्याने पुस्तक उघडले. आधी किनाऱ्यावरचा प्रसंग पाहिला, मग खटल्याची पाने चाळली, मग पुन्हा मागे आला. त्याचे बोट ओळींवरून फिरत होते आणि मी गप्प बसून होते. पाचेक मिनिटांनी तो म्हणाला, “नावच नाहीये. नुसता ‘अरब’. खटला याच्या खुनाचा आहे, आणि बोलतात सगळे आईच्या अंत्यविधीबद्दल.”

“न्यायालयाला तो माणूस दिसला नाही. मर्सोला दिसला का?”

बराच वेळ तो बोलला नाही. मग खाली बघत म्हणाला, “आमच्याकडेही आहे एक. आजीला दोन वर्षं अंघोळ घालायची, वेणी घालायची. आम्ही सगळे तिला नुसतं ‘बेन’ म्हणायचो. बेसण्याच्या दिवशी ती दाराशी, चपलांपाशी उभी होती. मी आत्याला बोललो, पण तिला ‘आत येऊन बस’ म्हणायचं मलाही सुचलं नाही.”

तो रडला नाही आणि मीही त्याच्या रडण्याची वाट पाहत नव्हते. मी विवेकनिष्ठ विचारांची आहे. आपण जे दुःख भोगतो, त्यातले पुष्कळसे आपल्या सरसकट विधानांतून आलेले असते, असे मी मानते. ‘समाज ढोंगी आहे’ हे तसलेच विधान आहे, कारण ते बोलणारा स्वतःला त्या समाजाबाहेर उभा करतो. माझ्या मते ही कादंबरी वाचकाला दोनदा बदलते: आधी इतरांचा देखावा दाखवते आणि चिकाटीने पुन्हा वाचली तर आपल्या नजरेतून सुटलेली माणसेही दाखवते. पहिल्या टप्प्यावरच पुस्तक हिसकावून घेतले, तर मुलाजवळ केवळ तुच्छता उरते. तो योग्य प्रश्न मला वेळेवर सुचला, याचे आजही समाधान वाटते. पुढे मी त्याला अल्जीरियाचे लेखक कामेल दाऊद यांच्या २०१३ सालच्या कादंबरीविषयी सांगितले, जिच्यात मेलेल्या अरबाचा भाऊ कथा सांगतो आणि त्या अरबाला मूसा हे नाव मिळते.

म्हणून पालकांना माझे सांगणे असे की, ते पुस्तक तुम्हीही वाचा, निदान मुलाला त्यातले एखादे पान वाचून दाखवायला सांगा, आणि त्याला कोण आवडले याइतकेच त्याचे लक्ष कोणाकडे गेले नाही हेही विचारा. मात्र मुलाची झोप व जेवण तुटले असेल, जगण्यात अर्थ नाही असे तो बोलत असेल, तर पुस्तकाला दोष देण्यात वेळ न घालवता मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

वर्षश्राद्धानंतर त्याचा फोन आला. आजीची सेवा करणाऱ्या त्या बाई पहिल्याच पंगतीत, त्याच्या आईशेजारी बसल्या होत्या. त्याने मला त्यांचे पूर्ण नाव सांगितले. आत्याही आल्या होत्या. त्यांच्याशी मात्र त्याचे बोलणे अजून ‘वाढू का?’ याच्या पुढे गेलेले नाही.