दोन वेगळ्या ड्राइव्हवर विंडोज आणि लिनक्स टाकताना विंडोजला धक्का लागतो का?

एका एसएसडीवर विंडोज चालू आहे आणि नव्या एसएसडीवर लिनक्स टाकायचंय, तर विंडोज बिघडेल का, असं तुम्ही विचारलंय. नीट केलं तर नाही बिघडणार. पण नुसती ड्राइव्ह वेगळी असून भागत नाही, बूटलोडरही, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅमही, वेगळा हवा. बहुतेकांचं घोडं तिथंच अडतं.

यूईएफआय (जुन्या बायोसची नवी पिढी) असलेल्या मशीनवर बूटलोडरच्या फाइली ईएफआय नावाच्या छोट्या फॅट३२ पार्टिशनमध्ये असतात. विंडोजने ते आपल्या ड्राइव्हवर आधीच करून ठेवलेलं असतं, बहुधा १०० एमबीचं. उबंटूच्या जुन्या इन्स्टॉलरला ते दिसलं, की तुम्ही दुसरी ड्राइव्ह निवडली तरी तो ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूटलोडर, तिथेच नेऊन टाकतो. बूटलोडर कुठे टाकायचा, असं स्क्रीनवर विचारतो खरा, पण यूईएफआयमध्ये ते उत्तर मानत नाही. पुढे कधी विंडोजची ड्राइव्ह काढली किंवा पुसली, की लिनक्सच्या सगळ्या फाइली शाबूत असूनही ते सुरू होत नाही.

म्हणून माझा आग्रह एकच: लिनक्स टाकताना विंडोजची ड्राइव्ह काढून ठेवा. साटा असेल तर केबल काढायची, एनव्हीएमई असेल तर एक स्क्रू. लॅपटॉप उघडायचा नसेल तर बायोसमधून तो स्लॉट बंद करता येतो का बघा. दुसरी ड्राइव्ह दिसलीच नाही, की इन्स्टॉलर नव्या ड्राइव्हवर स्वतःचं ईएफआय पार्टिशन करतो.

नंतर ड्राइव्ह परत जोडा आणि सुरू करताना मदरबोर्डच्या बूट मेनूतून हवी ती निवडा (एफ१२, एफ११, एफ८ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे बदलतं). मी असंच वापरतो. ग्रबच्या मेनूतही विंडोज आणता येतं, २.०६ आवृत्तीपासून दुसरी सिस्टीम शोधणं मुळात बंद असतं, ते चालू करावं लागतं. पण विंडोजला ग्रबवर अवलंबून ठेवायचं कशाला?

विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप मात्र आधी बंद करा. ते चालू असताना शटडाउन अर्धवटच होतं, आणि लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहायला गेलात तर अडतं.

ड्राइव्ह दोन झाल्या तरी मदरबोर्ड एकच राहतो, हे विसरू नका. घड्याळ त्याच्यावर. विंडोज त्यात स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), म्हणून विंडोजमध्ये वेळ चुकलेली दिसेल. लिनक्सलाच स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की ते मिटतं. सिक्युअर बूटचे, म्हणजे कोणता बूटलोडर चालू द्यायचा हे तपासणाऱ्या सोयीचे, नियमही मदरबोर्डवरच. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने हे नियम कडक केले तेव्हा बऱ्याच जणांचं लिनक्स सुरू होईना, आणि अशा वेळी वेगळी ड्राइव्ह वाचवत नाही. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्समध्ये शिरता येतं, पण मग बिटलॉकर (ड्राइव्ह कुलूपबंद ठेवणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) रिकव्हरी की मागू शकतं. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर अनेकदा आपोआप चालू असतं, तेव्हा स्क्रू हातात घेण्याआधी ती की कागदावर उतरवून घ्या.