चेन नाही, रनर गेलाय

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. तीन वर्षं हातातून न सुटलेला फोन एक्स्चेंजमध्ये देताना तुला काहीच वाटलं नाही. आणि अकरावीत वडिलांनी घेऊन दिलेली सॅक रूममेटने कचऱ्याच्या डब्याशेजारी नेऊन ठेवली, तर तू दोन दिवस त्याच्याशी बोलला नाहीस. वर मलाच विचारतोस, 'बाई, माझं काही चुकतंय का?' रूममेटच्या बाबतीत चुकलंच. त्याला आधी चहा पाज. सॅकच्या बाबतीत नाही.

फोन आणलास त्याच दिवशी त्याला काच लावलीस, कव्हर घातलंस. का? ओरखडा पडला की एक्स्चेंजची किंमत उतरते म्हणून. म्हणजे पहिल्या दिवसापासून तू तो पुढच्या गिऱ्हाइकासाठी सांभाळत होतास. त्यात तुझं जे होतं, फोटो, नंबर, आईने पाठवलेले आवाज, ते रात्रीतून नव्या फोनवर गेलं. लिथियम-आयन बॅटरी साधारण ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते, आणि बहुतेक फोनांत ती आत चिकटवून बंद केलेली असते. पुढे अपडेट थांबतात, मग एक दिवस बँकेचं ॲप उघडेनासं होतं. जीव जडायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्या वस्तूला मिळतच नाही. तू निष्ठुर वगैरे काही नाहीस.

सॅकच्या डाव्या पट्ट्याचा फोम पार दबलाय, कारण तू ती कायम एकाच खांद्यावर टाकायचास. वर्गात वाकडा होऊन शिरताना मी रोज बघायचे. तळाच्या कोपऱ्यात डब्यातल्या लोणच्याचं तेल मुरलंय. हे कुठल्या क्लाउडवर चढवणार?

आता माझं ऐक. आई गेली त्या वर्षी मी तिचं कपाट आवरायला काढलं. तेवढ्यात बोहारीण आली. तिने आईची साडी उजेडात धरली, दोन्ही हातांनी पदर ताणून पाहिला आणि म्हणाली, 'विरलीय हो ताई, अजून एक टाका.' मी अजून दोन टाकल्या आणि एक स्टीलचं पातेलं घेतलं. रात्री लक्षात आलं, तेवढ्यात एक गोधडी झाली असती. वर्षभर त्या पातेल्याचा राग केला. आज बावीस वर्षं त्यात दूध तापतंय. काठाला पोचा आलाय, बूड काळं पडलंय ते काही केल्या निघत नाही. सुनेने परवा नवं आणलं, तर मी ते वरच्या फळीवर ठेवून दिलं. बोहारणीकडून आलेलं पातेलं, पण आता हात त्याच्याकडेच जातो.

म्हणून जुनं दिसलं की कवटाळ, असं मी म्हणणार नाही. फोनचे रिकामे खोके तू जपून ठेवतोस, ते आजच रद्दीत दे. ड्रॉवरमधल्या जुन्या फोनची बॅटरी फुगलीय म्हणालास. तो चार्ज करून बघू नकोस, दाबू नकोस, कचऱ्यातही टाकू नकोस. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर नेऊन दे. त्यात भावनेचा काही प्रश्न नाही, आग लागेल.

सॅक मात्र वापरातच ठेव. कपाटात घडी घालून ठेवलेल्या वस्तूला कसर लागते. फोटो मोठा करून पाहिला. तू म्हणतोस चेन तुटलीय. दात तर सगळे जागेवर आहेत. चेन नाही, रनर गेलाय. झिजून सैल झालाय, म्हणून दात पकडत नाही. पकडीने दोन्ही बाजूंनी किंचित दाबलास तर आठवडाभर चालेल. नंतर बॅग दुरुस्तीवाल्याकडून बदलून घे, दहा मिनिटांचं काम आहे. मात्र होईपर्यंत तिथेच उभा राहा. सॅक टाकून चहाला गेलास, तर ही माणसं हौसेने डावा पट्टाही नवा लावून ठेवतात.

– बाई