खेड्यातलं जीवन रंगवणारा एखादा जर्मन चित्रकार सुचवाल का? त्याच्या आयुष्याबद्दल पण थोडं सांगा.

माझं उत्तर विल्हेल्म लाइब्ल. जन्म 1844, कोलोनचा, म्हणजे पक्का शहरी माणूस. म्युनिकच्या अकादमीत शिकला, 1869च्या म्युनिकच्या प्रदर्शनात त्याचं एक पोर्ट्रेट फ्रान्सचा नामवंत चित्रकार कुर्बे याला इतकं आवडलं की लाइब्ल थेट पॅरिसला गेला, तिथे 1870च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या चित्रप्रदर्शनात, गोल्ड मेडल पण मिळालं आणि तेवढ्यात फ्रान्स-प्रशियाचं युद्ध पेटलं, मग काय, गाशा गुंडाळून परत.

खरी गंमत पुढे आहे. 1873 मध्ये त्याने म्युनिक सोडलं आणि तो बव्हेरियातल्या खेड्यांत राहायला गेला तो कायमचाच. त्या काळात शेतकऱ्यांची चित्रं धडाक्यात विकली जायची, पण त्यात गुलाबी गालांच्या पोरी, हसरे आजोबा, काहीतरी मजेशीर प्रसंग असा मसाला लागायचा. लाइब्लकडे यातलं काहीच नाही. 'गावातले राजकारणी' या 1877च्या चित्रात पाच जण एका कागदाभोवती बसलेत, बस, विषय संपला. पण चेहरे बघा एकेकाचे!

त्याचं सगळ्यात गाजलेलं चित्र 'चर्चमधल्या तीन स्त्रिया'. बेर्ब्लिंग गावच्या चर्चमध्येच, खऱ्या बायकांना समोर बसवून काढलेलं, 1878 ते 1882, आणि साइज किती तर जेमतेम 113 बाय 77 सेंटीमीटर. नेटवर मोठी इमेज शोधा आणि झूम करा. तरुण मुलीच्या कपड्यावरची नक्षी, बाकाचं कोरीव लाकूड, आणि मुख्य म्हणजे हात, राबून राबून रुंद झालेले, सुंदर दिसावेत म्हणून कुठेही नाजूक केलेले नाहीत. कच्चं रेखाटन न करता थेट रंगाने एकेक भाग पुरा करत जायचं ही त्याची पद्धत.

पण हीच पद्धत अंगाशी पण आली. नंतर 'चोरटे शिकारी' नावाचं मोठं चित्र त्याने काही वर्षं खपून केलं, एकेक माणूस भारी जमला पण सगळं मिळून प्रमाण बिघडलं, पॅरिसमध्ये टीका झाली आणि या पठ्ठ्याने ते चक्क कापून टाकलं. त्याचे काही तुकडे आजही म्युझियममध्ये आहेत.

योहान श्पर्ल हा चित्रकार त्याचा जिवलग दोस्त. दोघं बरीच वर्षं एकत्र राहिले, काही चित्रं तर जोडीने केली, निसर्ग श्पर्लचा आणि माणसं लाइब्लची. लाइब्ल 1900 मध्ये व्युर्त्सबुर्गला वारला.

तिकडे कधी जाणं झालं तर तीन स्त्रिया हॅम्बुर्गच्या कुन्स्टहाले या कलासंग्रहालयात आहेत, राजकारणी मात्र स्वित्झर्लंडमध्ये, विंटरटूरला. उतारवयातली त्याची चित्रं जरा मोकळ्या हाताची आहेत, काही लोकांना तीच जास्त आवडतात, माझं मत विचाराल तर 1882 पर्यंतचा लाइब्ल आधी बघा.